गुण समान पडले की काय?

रेडिस या डेटाबेसवरच्या लेखात त्याचा सॉर्टेड सेट, म्हणजे गुणांनुसार लागलेली नावांची यादी, गुणतक्त्यासाठी उत्तम म्हटलाय, ते खरंच. झेड-अ‍ॅड (ZADD) या आज्ञेने गुण टाकले की यादी आपोआप लागलेली, लाखभर नावांतही क्रमांक चटकन मिळतो. पण समान गुणांबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि आमचं नेमकं तिथेच अडलं.

फोंड्याजवळ आमच्या गावच्या भजन स्पर्धेचा निकाल मी पडद्यावर दाखवत होतो. काणकोण आणि सांगे, दोन्ही पथकांना ८४. पडद्यावर सांगे वर! काणकोणवाले परीक्षकांवर घसरले. परीक्षक बिचारे निर्दोष. गुण समान असले की रेडिस नावं बाइटच्या क्रमाने (साधारण अक्षरक्रमानेच) लावतो, आणि मी यादी उलटी, जास्त गुण आधी अशी मागवली होती, त्यामुळे 'क'च्या आधी 'स'. देवाशपथ, पक्षपात नव्हता.

आता गुण गुणिले १००० अधिक तालाचे गुण असा एकच आकडा ठेवतो, म्हणजे समान गुण पडले तर तालावरून क्रम ठरतो. मात्र हा आकडा आत ६४-बिट फ्लोटिंग पॉइंट (मर्यादित अचूकतेची अपूर्णांकी संख्या) म्हणून साठतो. २ चा ५३ वा घात ओलांडला की पूर्णांक अचूक राहीलच असं नाही. म्हणून मोठी टाइमस्टॅम्प (वेळ दाखवणारा लांबलचक आकडा) गुणाला चिकटवू नका.

आणि हो, सगळं मेमरीत असतं. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. एओएफ (प्रत्येक बदल डिस्कवर लिहून ठेवणारी फाइल) मुळात बंद असतो, तो चालू करा. दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याची सेटिंग ठेवली तर वीज गेली तरी साधारण सेकंदाभराच्याच नोंदी जातील.