थेंबे थेंबे तेल गळे

तर मंडळी, तुम्ही मिशिगनमध्ये राहता, हौसेनं जुना पिकअप ट्रक घेतलाय (मराठी माणसाला पिकअप कशाला लागतो विचारू नका, वर्षातून एकदा गणपतीचं मखर हॉलवर न्यायला लागतो) आणि एका सकाळी ड्राइव्हवेवरच्या बर्फात कुणी कुंकू सांडल्यासारखे लाल ठिपके दिसतात. घाबरायचं नाही. आणि खाली वाकून तर अजिबात बघायचं नाही, कारण वाकलं की दिसतं आणि दिसलं की करावं लागतं.

लाल म्हणजे एटीएफ, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ते तापतं म्हणून दोन नळ्यांतून पुढे रेडिएटरपर्यंत जाऊन थंड होऊन परत येतं. नळ्या लोखंडी, पण इंजिन हलतं म्हणून मधे रबराचा तुकडा, आणि रबर जिथे लोखंडाला भेटतं तिथे दाबून बसवलेली कॉलर. बऱ्याचदा तीच पाझरते. नाहीतर नळी गंजते. इथे डेट्रॉइट शहराच्या पोटातच हजार फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळा आला की रस्त्यांवर मीठ असं टाकतात की आजी कैरीच्या लोणच्यात टाकायची तेही कमी वाटावं. चार-पाच हिवाळ्यांत ट्रक छान मुरतो.

तर पहिला उपाय पुठ्ठा. इंडियन ग्रोसरीतून आणलेला आंब्याचा खोका उलगडून ट्रकखाली सरकवा (२००७ पासून आपला आंबा इथे रीतसर येतो तो काय फक्त खायला?). रोज सकाळी चहाचा कप घेऊन डाग मोजायला जा. आमच्याकडे हापूसच्या चित्रावर तेल पसरत पसरत देठापर्यंत पोचलं तेव्हा बायको म्हणाली, अहो, दाखवून आणा ना एकदा. मी म्हटलं, अगं दिवसाला चारच थेंब आहेत. आता हे चार थेंब उभ्या गाडीचे; गिअरबॉक्सचा तेल ढकलणारा पंप फिरत असतो तेव्हा, म्हणजे हायवेवर तेल तापून पातळ झालेलं असताना किती जातं ते पुठ्ठ्याला कसं कळणार, पण बायकोला ते सांगायची गरज नाही.

दुसरा उपाय, ओतत राहा. ९४६ मिलीची बाटली येते, डझनानं घ्या. मॅन्युअलमध्ये कुठलं स्पेसिफिकेशन लिहिलंय ते बघू नका, सगळी लालच तर असतात. लेव्हल बघायची तर बहुतेक गाड्यांत सपाट जागेवर, तेल गरम करून, इंजिन चालू ठेवून बघतात म्हणे. आपण उतारावर, सकाळी सकाळी, इंजिन बंद ठेवून बघायचं, म्हणजे दर वेळी नवीन आकडा मिळतो. जास्त झालं तर आत फेस होतो, होऊ दे. काही नवीन गाड्यांना तर डिपस्टिकच नसते, ते मालक नशीबवान.

मग ती जादूची बाटली, गळती बंद करणारी. ती आतले रबरी सील फुगवते. गंजून पडलेल्या भोकात काय फुगवणार हा प्रश्न दुकानात विचारू नका, उगाच आपलं अज्ञान दिसतं.

एवढं करूनही कुणी टोचून बोललंच तर रिपेअर करा, पण आपल्या पद्धतीनं. गळका रबरी भाग कापा, घरात पडलेला पेट्रोलचा होज घ्या, गरम एटीएफचा कुलर होज वेगळा मिळतो तो कशाला, आणि गुळगुळीत नळीवर तसाच सारून दोन क्लॅम्प आवळा. नळीच्या टोकाला कड उचलून घेतात, होज निसटू नये म्हणून, ती चैन आपल्याला नको. एकदा हे केलं की आय-७५ हायवेवर सत्तर मैलांच्या वेगानं जाताना तो होज निसटतो, काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर, थोडं तापलेल्या सायलेन्सरवर, मागे पांढरा धूर, आणि मागचे ट्रकवाले हात हलवतात त्यांना तुम्हीही प्रेमानं हात दाखवा. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. करपल्याचा वास आला तर तो तुमच्या क्लच प्लेटांचा.

अख्खी नवीन लाइन, म्हणजे ती नळी रबरासकट, टाकणारे लोकही असतात. ट्रक नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवतात, आधी सगळं पुसून मग टॉर्चनं सगळ्यात वरचा ओला भाग शोधतात (खाली ओघळलेलं बघून भलतीच नळी बदलायची मजा त्यांना माहीतच नाही), जोडात नळी धरून ठेवणारी जुनी स्प्रिंग क्लिप फेकून नवीन लावतात, लाइन सरळ आत ढकलून टक् आवाज ऐकतात आणि शिवाय ओढूनही बघतात. अर्धा शनिवार गेला की हो!

आणि कधी रेडिएटरचं झाकण उघडल्यावर आत सोलकढी दिसली तर ताट घेऊन बसू नका. रेडिएटरमधला कुलर आतून फुटून तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) एक झालंय, आणि तीच कढी आता गिअरबॉक्सही पितोय.

तेव्हा ट्रक विकायला काढा. जाहिरातीत लिहा, चालू कंडिशन, किरकोळ पाझर. आणि दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये आणलेली नवीन लाइन गॅरेजच्या खिळ्याला प्लास्टिकसकट लटकतेय, ती गिऱ्हाइकाला फुकट द्या.