तीन करडे मार्कर पुरेत

पुण्यात डिझाइन शिकवणाऱ्या माझ्या मित्रमंडळींत सध्या वाद चालू आहे. पहिल्या वर्षाला मार्कर रेंडरिंग, म्हणजे मार्कर पेननं वस्तूचं छायाप्रकाशासह चित्र रंगवणं, ठेवायचं की काढून टाकायचं? काढा म्हणणारे सांगतात, टॅब्लेट आहे, एआय आहे, वर परदेशी मार्करचे सेट पालकांना परवडत नाहीत. ठेवा म्हणणारे सांगतात, युरोपात अजून सगळं हातानंच करतात. मी इटलीतल्या तुरिनमध्ये गाड्यांच्या डिझाइनचं काम करते, त्यामुळे दोन्हीकडून साक्षीला बोलावणं येतं.

साक्ष द्यायची तर खरी द्यावी. अंतिम सादरीकरणासाठी मार्करनं रंगवलेलं चित्र माझ्याकडे कुणीही मागत नाही. ते संगणकावरच होतं. तेव्हा युरोपचा दाखला देऊन मार्कर वाचवू नका.

पण चर्चेला बसल्यावर इंजिनिअर म्हणतो, बॉनेट इतकं खाली येणार नाही, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर आत दबायला जागा हवी. त्या क्षणी पेन उचलून दुसरी रेघ मारता यावी लागते. मग तोही पेन घेतो आणि माझ्या रेघेवर आपली रेघ मारतो. संगणकावरच्या चकचकीत चित्राला हात लावायला माणसं कचरतात; कच्च्या रेखाटनावर मनसोक्त भांडता येतं.

मार्करची शाई अल्कोहोलवर आधारलेली, झटकन वाळणारी. थरावर थर दिला की गडद होते, पुन्हा फिकी होत नाही. म्हणून कागदाला टोक लावण्याआधी ठरवावं लागतं: उजेड कुठून येतो, कुठला पृष्ठभाग कुठे वळतो. क्रोम रंगवताना वर आकाश, मध्ये क्षितिजाची गडद पट्टी, खाली जमीन, हे प्रतिबिंबाचं गणित समजून घ्यावंच लागतं. तिरकं दिसणारं चाक लंबवर्तुळासारखं काढतात; त्याचा लघुअक्ष, म्हणजे आखूड मधली रेघ, अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) रेषेत आला नाही तर चाक निखळल्यासारखं दिसतं. हे ज्यानं हातानं सोसलंय, त्याला एआयच्या सुंदर चित्रातलं खोटं प्रतिबिंब लगेच खुपतं. ज्यानं सोसलेलं नाही, तो ते चित्र तसंच पुढे पाठवतो.

पुण्याला या नजरेची आता जास्त गरज पडणार आहे. १९९८ साली आलेली टाटांची इंडिका गाडी पुण्यात बनली, पण तिच्या रूपावर तुरिनच्या आयडिया इन्स्टिट्यूट या डिझाइन कंपनीचा हात होता. आज डिझाइन स्टुडिओ पुण्यातच आहेत. आकाराचा निर्णय तिथेच होतो, मग चूक ओळखणारा डोळाही तिथलाच हवा.

खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. रंगीत सेट कशाला? फिका, मध्यम, गडद असे तीन करडे मार्कर, एक काळी पेन्सिल, बस्स. आणि चित्राच्या सफाईला गुण देणं थांबवा. प्रवेश परीक्षांच्या क्लासमधून पाठ केलेले देखावे घेऊन आलेली मुलं आधीच सफाईदार असतात.

आपल्याकडे चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शालेय परीक्षांना तालुक्याच्या गावातली मुलंसुद्धा वस्तुचित्र, स्मरणचित्र काढतात. केवढी मोठी पुंजी आहे ही! दहावीचे वाढीव गुण पदरात पडले की पेन्सिल सुटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या मते पहिल्या वर्षाची परीक्षा अशी घ्यावी: कॉलेजच्या पार्किंगमधली एखादी स्कूटर समोर बसून तीन करड्यांत काढायची. मग त्याच स्कूटरचं एआयनं केलेलं चित्र द्यायचं, त्यातल्या चुका हातानं रेखाटून दुरुस्त करायला सांगायचं, आणि जास्त गुण त्या दुरुस्तीला ठेवायचे.