तापमान आणि वेळ, दोन्ही जपा

अल्ट्रासाउंडने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी, मिरचीतलं कॅप्सेसिन (तिखटपणा देणारं द्रव्य) द्रावकात उतरवण्याबद्दलच्या एका लेखात ‘अल्ट्रासाउंड जितका जास्त वेळ, तितकं कॅप्सेसिन जास्त’ असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. या लहरींमुळे द्रावकात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, पेशीभित्तिका फाटतात आणि द्रावक आत शिरतो. पण बहुतेक अर्क पहिल्या २०-३० मिनिटांतच उतरतो. त्यापुढे द्रावण नुसतं तापत राहतं आणि कॅप्सॅन्थिनसारखी लाल रंगद्रव्यं उष्णता नि ऑक्सिजनमुळे खराब होऊ लागतात.

तापमान ४५-५० अंशांवर ठेवा. त्याहून फार गरम झालं की इथेनॉलची (इथं द्रावक म्हणून वापरलेल्या अल्कोहोलची) वाफ बुडबुड्यात भरते, तो मऊपणे मिटतो आणि धक्काच बसत नाही. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, उष्णता वाढवली की काम जोरात होईल असंच वाटतं.

सुरुवातीला मिरचीच्या १ ग्रॅम पुडीला १० मिली, ९५ टक्के इथेनॉल घ्या. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ओलसर मिरची चालणार नाही. पूड साधारण अर्ध्या मिलिमीटरची हवी. पिठासारखी बारीक केली तर गाळणकागद तुंबतो. तिखटपणाच हवा असेल तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात तो अजिबात काढू नका, सगळ्यात जास्त कॅप्सेसिन तिथंच असतं.

प्रोब (थेट द्रावणात बुडवायचा अल्ट्रासाउंडचा दांडा) वापरत असाल तर द्रावण फार तापू नये म्हणून भांडं बर्फात ठेवून थांबतथांबत चालवा, टोक तळाला टेकू देऊ नका. आणि कृपा करून, इथेनॉलच्या वाफा पेट घेतात: हवा खेळती हवी, जवळ ठिणगी नको.