राणा आला, मग हेडली का नाही?

एप्रिल २०२५ मध्ये २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेतून आणून दिल्लीत उतरवलं तेव्हापासून दादरहून मामाचा फोन आला की हाच प्रश्न, राणा आला मग हेडली का नाही, तुमची अमेरिका त्याला का सांभाळतेय? (डेव्हिड हेडली म्हणजे त्याच हल्ल्यासाठी मुंबईची आधी पाहणी करणारा, अमेरिकेत शिक्षा झालेला माणूस.) मामा हल्ल्याच्या रात्री सीएसटीवरून नऊची लोकल पकडून निघाला होता, अर्धा तास उशीर झाला असता तर काय झालं असतं हे आमच्या घरात कोणी बोलत नाही. मी शिकागोत राहतो, ज्या कोर्टात हेडलीची केस चालली त्याच्यासमोरून रोज ऑफिसला जातो, त्यामुळे 'तुमची अमेरिका' हे मला लागतं आणि मामाचा रागही पटतो.

पण राग नेमका कशावर धरायचा ते बघा. मार्च २०१० मध्ये हेडलीने अमेरिकेच्या सरकारी वकिलांशी लेखी करार केला, प्ली अ‍ॅग्रीमेंट. बाराही आरोप कबूल, तपासाला सगळी मदत, आणि त्या बदल्यात फाशी मागणार नाही आणि याच गुन्ह्यांसाठी भारत, पाकिस्तान, डेन्मार्क कुणालाच देणार नाही. पाच वेळा मुंबईत येऊन ताजची वगैरे रेकी केलेला माणूस, १६६ लोक गेले, आणि शिक्षा ३५ वर्षं. राणाने असा करार केलाच नाही, तो ज्युरीसमोर लढला, २०११ ला मुंबईच्या आरोपातून सुटलासुद्धा, तरी आला, कारण भारतातल्या आरोपांमध्ये जे सिद्ध करावं लागतं ते वेगळं आहे असं इथल्या कोर्टाने धरलं.

आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपल्याकडे प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा, २००६ पासून आहे पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच, कसाबने २००९ ला भर कोर्टात कबुली दिली तरी खटला शेवटपर्यंत चालला. इथे अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात दोषी ठरलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक कबुली देऊनच दोषी ठरतात, सरकारने सही करून शब्द फिरवला तर उद्या कोणी तोंडच उघडणार नाही. आणि मामाला मी हेही सांगतो की डिसेंबर २०१५ मध्ये आपल्याच मुंबईच्या कोर्टाने हेडलीला माफीचा साक्षीदार केलं, फेब्रुवारी २०१६ ला व्हिडिओवर त्याची साक्ष घेतली. हे टीव्हीवरच्या चर्चांमध्ये कोणी काढत नाही.

तरी माझं मन त्या करारावर बसत नाही. हाच माणूस १९८८ ला आणि परत १९९७ ला हेरॉइनमध्ये पकडला गेला होता आणि दोन्ही वेळा सरकारला मदत करून कमी शिक्षेत सुटला होता, तिसऱ्यांदा तेच केलं, फक्त यावेळी सौद्यात मुंबईची माणसं होती. २०१३ ला शिक्षेच्या वेळी हल्ल्यात जखमी झालेली एक अमेरिकन बाई कोर्टात उभी राहून बोलली, ते बरोबरच झालं. पण सीएसटीवर ज्यांची माणसं गेली त्यांच्या दारात सही व्हायच्या आधी कोण गेलं होतं? दुसऱ्या देशाचा खटला चालवायचा हक्क सोडून द्यायचा असेल तर तिथल्या घरांना तो कागद आधी त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, एवढं तरी मागायला हवं, दिल्लीनेही आणि आम्ही इथे मतदान करणाऱ्यांनीही.