मध्ये काही नाही म्हणे!

आज सकाळी इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सहलीचं ठरत होतं. मेंफिस ते न्यू ऑर्लिन्स. एकाने लिहिलं, "वाटेत मिसिसिपी राज्यात कशाला थांबायचं? मध्ये काही नाही, नुसती शेतं." खाली लगेच अंगठ्यांची रांग. माझं डोकं जे सणकलंय ते अजून उतरलेलं नाही.

मेंफिसपासून दोनेक तासांवर, हायवे ६१ला लागून माउंड बायू नावाचं गाव आहे. जेमतेम दीड हजार वस्ती. गेल्या वर्षी आम्ही तिथे थांबलो, तेव्हा एका आजींनी हाताला धरून आम्हाला टॅबोरियन हॉस्पिटलच्या इमारतीसमोर नेलं. "मी इथे जन्मले. माझी आई या पुढच्या दारातून आत गेली होती." माझ्या लेकीने विचारलं, "म्हणजे? दुसरं कुठलं दार असतं?" आजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

दुसरं दार असायचं, बाळा. गोऱ्यांच्या हॉस्पिटलात काळ्या बाईला घेतलंच, तर मागच्या दाराने, तळघरातल्या वॉर्डात.

हे गाव वसवलं गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांनी. आयझाया माँटगोमेरी आणि त्याचा नातलग बेंजामिन ग्रीन, साल १८८७. माँटगोमेरीचं कुटुंब ज्याच्या मालकीचं होतं तो मळेवाला जोसेफ डेव्हिस म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या अध्यक्षाचा सख्खा भाऊ! त्या मळ्यातून निघालेल्या माणसांनी दलदलीतलं जंगल तोडलं, लाकूड विकून जमिनीचे हप्ते भरले आणि रेल्वेच्या रुळांलगत गाव उभं केलं. नगराध्यक्ष त्यांचा, १९०४ साली बँक त्यांची, पुढे सरकीच्या तेलाची गिरणी त्यांची. आजूबाजूच्या गावांत काळ्या माणसाला फुटपाथवरून खाली उतरावं लागत होतं, त्या काळात.

हो, माहितीये मला. याच माँटगोमेरीने १८९० साली मिसिसिपीची राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत एकमेव काळा प्रतिनिधी असून काळ्यांचं मत हिरावणाऱ्या तरतुदींच्या बाजूने मत दिलं. ते मलाही खुपतं. बँकही १९१४ला बुडाली. पण तेवढं सांगून गाव निकालात काढणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

कारण मला त्या आजींची आई दिसते. १९४२ साली हे हॉस्पिटल उघडलं ते ना सरकारच्या पैशाने, ना कुणा दानशूर शेठजीच्या. टॅबोर नावाची काळ्यांची परस्पर-मदत संघटना होती, आपल्या भिशीसारखी पै-पै गोळा करणारी. वर्षाला साडेआठ डॉलरच्या आत वर्गणी, त्यात ३१ दिवस हॉस्पिटलात राहायची सोय, ऑपरेशनसकट. भरणारे कोण? दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे. आजी सांगत होत्या, घरात मीठ नसलं तरी आई टॅबोरचे पैसे बाजूला काढायची.

तिथले पहिले मुख्य सर्जन डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. यांनी लोकांना सांगितलं, ज्या पंपावर तुम्हाला संडास वापरू देत नाहीत तिथे पेट्रोल भरू नका. गाड्यांवर तसे स्टिकर लागले. १९५५मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी हाल करून मारलं, तेव्हा खटल्याला आलेली त्याची आई यांच्याच घरी उतरली, भोवती बंदूकधारी पहारा. ज्युरीने तासाभरात मारेकऱ्यांना सोडलं. हे लिहितानाही हात थरथरतो. आणि आपण म्हणतो, नुसती शेतं. त्याच शेतांतून तर हे सगळं झालं!

पुढे १९६०च्या दशकात डॉ. जॅक गायगर यांनी इथे आरोग्यकेंद्र काढलं. पोरं उपाशी होती, म्हणून चिठ्ठीवर औषधाऐवजी दूध, भाज्या, मांस लिहून दिलं. वरून हरकत आली, तर त्यांचं उत्तर साधं होतं: पुस्तकात कुपोषणावरचा इलाज अन्न हाच दिलाय. ते केंद्र आजही चालू आहे. हॉस्पिटल मात्र १९८३ला बंद पडलं. इतर हॉस्पिटलांची दारं उघडली, सरकारी विमा आला, वर्गणीदार पांगले. चांगल्याच गोष्टी त्या, पण आजींच्या तोंडून ऐकताना गळा दाटला होता माझा.

ग्रुपवर ज्यांनी अंगठे दिले ते वाईट लोक नाहीत. माझ्या बाळंतपणात डबे पोचवणारे हेच. म्हणून तर जास्त लागलं. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना इथल्या माणसांची पर्वा होती. आणि आपण दोन तासांवर राहून काच खाली करायला तयार नाही!

रविवारच्या मराठी शाळेत ती अर्पणपत्रिका मी दरवर्षी मुलांना वाचून दाखवते. यंदा त्याच तासाला माउंड बायू शिकवणार आहे. अभ्यासक्रमाबाहेरचं आहे म्हणून कुणाला तक्रार करायची असेल, तर खुशाल करा.