जुन्या साउंड चिपमध्ये वाद्ये 'तयार' नव्हती: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नागपुरात संगीत आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर गेले काही आठवडे एक संदेश फिरतो आहे. कमोडोर ६४ सारख्या जुन्या कॉम्प्युटरच्या चिपमध्ये वाद्ये आधीच भरलेली असत आणि संगीतकार फक्त सुरांचे आकडे टाकत असे; चिप आठ-बिट असल्याने आवाज ओबडधोबडच निघे; तीन आवाज असल्याने तीनच वाद्ये वाजत; आणि आज एखादे मोफत प्लगइन लावले की हे सारे जसेच्या तसे मिळते, तेव्हा त्यात वेळ घालवू नये, असा त्याचा आशय आहे. धरमपेठेत माझ्याकडे येणाऱ्या दोन मुलांनी तो वाचून, डग्ग्याचा आवाज चिपवर बसवण्याचे अर्धे झालेले काम बाजूला ठेवले. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान मुळातच चुकीचे आहे. १९८२ मध्ये आलेल्या कमोडोर ६४ मधील सिड ६५८१ ही आवाज निर्माण करणारी चिप बॉब यानिस यांनी रचली. तेच पुढे एन्सोनिक या सिंथेसायझर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. या चिपमध्ये एकही वाद्य साठवलेले नाही. तीन स्वतंत्र आवाज, प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉइज अशा चार लहरी, प्रत्येकाचा स्वतःचा एन्व्हलप (आवाज किती वेळात चढतो आणि विरतो ते ठरवणारा भाग) आणि तिघांत मिळून एकच फिल्टर, एवढीच सामग्री २९ रजिस्टरांमागे, म्हणजे आकडे लिहायच्या जागांमागे आहे. तयार वाद्यांच्या चिपा अस्तित्वात होत्या हे मी नाकारत नाही: यामाहाच्या वायएम २४१३ मध्ये १५ वाद्ये कायमची कोरलेली होती आणि एकच वापरणाऱ्याला घडवता येत असे. संदेश लिहिणाऱ्याने त्या चिपेचा गुण या चिपेला चिकटवला असावा.

मग सिडवर वाद्य घडते कसे, हे डग्ग्यावरच्या 'घे' या बोलावरून पाहता येईल. डग्ग्याचा नाद गोल असतो, म्हणून वरचे स्वरांश क्षीण असलेली त्रिकोणी लहर घ्यावी लागते. पाल या टीव्ही पद्धतीच्या मशिनवर ९० हर्ट्झसाठी फ्रीक्वेन्सी रजिस्टरांत १५३३ हा आकडा लिहावा लागतो आणि १२० हर्ट्झसाठी २०४३. पहिल्या फ्रेमला, म्हणजे पहिल्या २० मिलिसेकंदांत, नॉइजचा एक लहानसा फटका देऊन चामड्यावर बोट पडल्याचा भास करायचा. दुसऱ्या फ्रेमला त्रिकोणी लहरीवर येऊन १५३३ ठेवायचे. आणि पुढच्या चार-पाच फ्रेममध्ये तो आकडा २०४३ पर्यंत चढवत न्यायचा, कारण वादक मनगटाने पुडीवर दाब देतो तेव्हा स्वर असाच वर सरकतो. हा चढ सारख्या पायऱ्यांनी दिला तर यांत्रिक वाटतो. आधी सावकाश आणि शेवटी झपाट्याने दिला तर हाताचा वाटतो. अटॅक (आवाज चढण्याचा वेळ) ० म्हणजे २ मिलिसेकंद ठीक बसतो, पण डिकेपाशी, म्हणजे चढलेला आवाज उतरण्याच्या वेळापाशी, अडचण येते: ८ या पायरीवर आवाज ३०० मिलिसेकंदांत विरतो आणि ९ वर एकदम ७५०, मधले काहीच उपलब्ध नाही. डग्ग्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नेमकी त्या मधल्या जागेत असते. त्यावर उपाय असा की डिके ९ ठेवून काही फ्रेमनंतर गेट (सूर चालू-बंद करणारी कळ) बंद करायचा आणि उरलेला नाद रिलीज, म्हणजे गेट बंद झाल्यावर विरण्याचा वेळ, ८ वर सोडायचा. दर सेकंदाला ५० वेळा बदलणारा हा तक्ता म्हणजेच ते वाद्य आहे, आणि तो कानाने ऐकून ऐकूनच भरावा लागतो.

'आकडा टाकला की सूर वाजला' हेही खरे नाही. एन्व्हलपचा अंतर्गत मोजक चुकीच्या जागी सापडला, तर नवा आघात ३३ मिलिसेकंदांपर्यंत उशिरा उमटू शकतो, आणि तालवाद्यात एवढा उशीर सहज ऐकू येतो. म्हणून जाणकार लोक पुढच्या आघाताच्या दोन फ्रेम आधी गेट बंद करून एन्व्हलपचे आकडे शून्यावर आणतात. मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत चौगुन, म्हणजे मात्रेला चार अक्षरे, वाजवायची, तर प्रत्येक अक्षराला पाचच फ्रेम मिळतात आणि त्यांतल्या दोन या तयारीत जातात. उरलेल्या तीन फ्रेममध्ये बोल ओळखू येईल असा बसवणे हे मोठ्या कसबाचे काम आहे.

'आठ-बिट म्हणून ओबडधोबड' हेही चूक, कारण 'आठ-बिट' हा शब्द प्रोसेसरच्या रुंदीबद्दल आहे. सिडच्या आत प्रत्येक आवाजाचा फेज मोजक (लहर कुठवर आली ते मोजणारा भाग) २४ बिटांचा आहे आणि पल्सची रुंदी ४०९६ पायऱ्यांत बदलता येते.

तीन आवाज म्हणजे तीन वाद्ये, हा हिशेबही टिकत नाही. 'धा'मध्ये तबला आणि डग्गा एकदम वाजतात, पण त्यासाठी दोन आवाज खर्ची घालावे लागत नाहीत. पहिल्या फ्रेमला 'ना'चा टोकदार पल्स आणि दुसरीपासून डग्गा, असे एकाच आवाजावर रचले तर कान ते जोडून घेतो. वाचलेल्या आवाजावर तानपुरा ठेवता येतो: छेडताना पल्स अरुंद आणि नंतर हळूहळू रुंद केला की जवारीच्या, म्हणजे तानपुऱ्याच्या झणकाराच्या, जवळ जाणारा, सतत रंग बदलणारा नाद मिळतो. तिसरा आवाज गायकीसाठी मोकळा राहतो. पाश्चात्त्य संगीतकारांनी याच युक्तीने एका आवाजावर तीन स्वर भराभर फिरवून कॉर्ड उभे केले. आपल्याकडे कॉर्डची गरज नसल्याने तो वेळ बोलांवर लावता येतो, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

राहिला प्लगइनचा मुद्दा. रीसिडसारखी इम्युलेशने, म्हणजे चिपेच्या सॉफ्टवेअर प्रतिकृती, खरोखर उत्तम आहेत आणि मुलांनी ती अवश्य वापरावीत. नागपूरच्या मे महिन्यात, मुळातच तापणाऱ्या ६५८१ ला हीटसिंक लावूनही तासन्‌तास चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते. परंतु इम्युलेशन चिप देते, तक्ता देत नाही. शिवाय 'जसेच्या तसे' म्हणताना कोणत्या चिपेसारखे, हे सांगावेच लागेल. ६५८१ चा फिल्टर नगागणिक वेगळा उघडतो, नंतरच्या ८५८० चा बराचसा एकसारखा. आणि पाल मशिनवर ४४० हर्ट्झ देणारा ७४९३ हा आकडा अमेरिकी मशिनवर सुमारे ४५७ हर्ट्झ वाजतो, शिवाय तिथे तक्ता ५० ऐवजी ६० च्या गतीने धावतो. त्यामुळे डग्गा बसवताना प्रथम फिल्टर बंद ठेवून लहर, चढ आणि एन्व्हलप पक्के करावेत, आणि फिल्टरचा आकडा ६५८१ व ८५८० अशा दोन्ही प्रतिकृतींवर ऐकून मगच ठरवावा.