पांढरा ओटा आणि दारावरचं लिंबू

"सर, वहिनींना घेऊन या ना, ओट्याचं त्याच बघतील. तुम्ही तोवर पार्किंगच्या टाइल्स बघता का?"

हे मला परवाच्या शनिवारी मार्बलच्या दुकानात, ओट्यासाठी पांढरा दगड बघायला गेलो तेव्हा ऐकवलं गेलं. आता आमच्याकडे रोजचा स्वयंपाक मी करतो, 'रविवारी मटण माझ्या हातचं हं' वाला नाही, सकाळचे डबे, कुकर, फोडणी, सगळं. बायको मोबाइलवर पांढरेशुभ्र ओटे बघते आणि सुस्कारे टाकते, एवढाच तिचा ओट्याशी संबंध. पण सेल्समनला हे सांगितलं तर तो असा हसला की जणू मी जोक मारला.

बरं भाव विचारावा तर सांगत नाहीत. "बजेट काय आहे सर?" अरे बाबा, भाव कळल्याशिवाय बजेट कसं सांगू? मग तो मला ताजमहाल ऐकवायला लागला. राजस्थानचा मकराना मार्बल सर, ताजमहाल याच दगडाचा, कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलपण याचंच. खरं आहे, वाद नाही. पण १६३२ साली बांधायला घेतलेल्या त्या इमारतीत आजपर्यंत कुणी आमसुलाचं सार केलेलं नाही, आणि तरीही ती पिवळी पडते म्हणून पुरातत्त्व खात्याला तिला मुलतानी मातीचे लेप लावत बसावं लागतं. माझ्या ओट्याला लेप कोण लावणार? मीच ना?

तेवढ्यात मागून आवाज आला, "ओट्याला? पांढरा?"

एक काका. उंबऱ्यासाठी काळ्या ग्रॅनाइटची एक पट्टी, एवढंच त्यांना हवं होतं, पण ते सगळं दुकान तपासत फिरत होते. प्रत्येक स्लॅबला कान लावून बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कलिंगड घेताना करतात तसं, आणि "हा बद्द वाजतोय, आत चीर आहे" असं मोठ्यानं जाहीर करायचे. गिऱ्हाइकं दचकत होती.

"मुलं आहेत का घरात?" काकांनी मला विचारलं.

"एक आहे."

"वरणावर लिंबू पिळता?"

"पिळतो की."

"मग डोकं फिरलंय का तुमचं?"

सेल्समन मध्ये पडला, "काही होत नाही काका, वरून सीलर मारून देतो." बस्स, काका पेटले. सीलरनं डाग मुरायचा थांबतो, हळदीचा, तेलाचा. आम्ल थोडंच थांबतं? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली आहे, लिंबू पडलं की ते पॉलिश खातं, मग तुमचा मकराना असो नाहीतर इटलीचा स्टॅच्युअरिओ. "लिंबू आहे का कुणाकडे?"

कुणाकडे नव्हतं. मार्बलच्या दुकानात लिंबू कोण ठेवतं? तर काकांनी इकडेतिकडे बघितलं, प्लास्टिकचं स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीतलं लिंबू खाली ओढून काढलं. मिरच्या दोऱ्याला तशाच लोंबत राहिल्या. मालक गल्ल्यावरून ओरडत आला, "अहो आजच बांधलं होतं ते!" आता स्लॅबचं काय होणार हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं, तो नजर लागण्याच्याच काळजीत. काकांनी खिशातल्या किल्लीनं लिंबाला भोक पाडलं आणि त्या दुकानातल्या सगळ्यात चकचकीत स्लॅबवर चांगलं पिळलं. मग हाताची घडी घालून म्हणाले, "आता दहा मिनिटं थांबायचं."

आणि आम्ही थांबलो हो! मी, सेल्समन, मालक, बाथरूमच्या टाइल्स घ्यायला आलेलं एक जोडपं, सगळे त्या ओल्या ठिपक्याकडे बघत उभे. त्या वेळात काकांनी बाकीच्यांचाही निकाल लावला. क्वार्ट्झला लिंबानं काही होत नाही पण त्यात दगडाचा चुरा चिकटवणारं रेझिन असतं, तापलेली कढई ठेवलीत तर डाग पडणार. जुना कडप्पा बरा होता म्हणावं तर तोही चुनखडकच, लिंबू त्यालाही खातं, फक्त तो मुळात चकाकत नव्हता म्हणून कुणाला कळलं नाही. मग उरलं काय? "ग्रॅनाइट. काळा. जातीचा." हे बोलून त्यांनी रस पुसला. नुसतं बघितलं तर काही नाही, पण मान तिरकी करून उजेडात बघितलं की आठ आण्याएवढी जागा स्वच्छ मंद झालेली. बाथरूमवालं जोडपं हळूच निघून गेलं.

मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तर काका "माझी रिक्षा थांबलीय" म्हणत पट्टी न घेताच गायब, आणि मालक माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचे वडील ना?"

नाही म्हटलं. शपथेवर सांगितलं. पण दोघं एकत्र वाकून स्लॅब बघत होतो ना, झालं. पॉलिशवाला बोलवावा लागेल, पाचशे रुपये द्या. वर हेही की माझ्यासाठीच टेस्ट केली. राग त्या पाचशेचा नाही (आहे, थोडा आहे). राग याचा की इतका वेळ ज्याला ओट्यातलं काही कळत नाही म्हणून टाइल्सकडे पाठवत होते तोच आता जबाबदार गिऱ्हाईक झाला. आणि हा मार्बल घेतला असता तरी अख्खी स्लॅब गळ्यात पडणार होती, ओट्याला लागो न लागो, उरलेला तुकडा आम्ही काय गॅलरीत उभा करून ठेवायचा? कॅटलॉगमधल्या त्या पांढऱ्या ओट्यांवर एक फुलदाणी आणि तीन हिरवी सफरचंदं असतात, मिसळणाचा डबा एकातही नाही.

दिले पाचशे. पावती मागितली तर म्हणाला, "पक्की हवी असेल तर जीएसटी वर लागेल सर. आणि वहिनींना पाठवा."